सरोजिनी नायडूंच्या कामाच्या जागा: हैदराबाद, दांडी, धारासणा, पुणे

निघण्यापूर्वी

सरोजिनी नायडू म्हटलं की पाठ्यपुस्तकातली कविता आठवते आणि गांधीजींच्या बरोबरीनं चालतानाचा तो फोटो आठवतो. या दोन्हींच्या मधे त्यांनी जे काम केलं ते सहसा सांगितलं जात नाही. माणसं गोळा करून त्यांना मार खायच्या शिस्तीत उभं करायचं, तुरुंगात चूल सांभाळायची, उपोषणाला बसलेल्या माणसाच्या खाटेपाशी होणारी गर्दी आवरायची, असं ते काम. ते जिथे झालं त्या जागा पश्चिम आणि दख्खन भारतात एका रेषेत येतात. सहा दिवस हाताशी असतील तर त्यांच्या आयुष्याच्या क्रमानंच त्या पाहता येतात: हैदराबाद, मुंबई, नवसारीजवळचं दांडी, वलसाडजवळचं धारासणा आणि शेवटी पुणं.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य हा काळ सगळ्यात बरा. मिठागरांत मीठ धरायला लागलेलं असतं आणि ऊन अजून सोसवतं. एप्रिल-मे इतिहासाच्या तारखांना धरून असला तरी धारासण्याच्या उघड्या रानात दहानंतर उभं राहवत नाही. पावसाळ्यात जाऊच नये. मिठागरं बंद असतात, बांध निसरडे होतात आणि पाहायला नुसतं गढूळ पाणी उरतं.

सोबत कविता हव्यातच. ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ (१९०५), ‘द बर्ड ऑफ टाइम’ (१९१२) आणि ‘द ब्रोकन विंग’ (१९१७) हे तिन्ही संग्रह आता स्वामित्वहक्काबाहेर आहेत. १९४९ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे हक्क भारतात २००९ अखेर संपले, त्यामुळे हव्या त्या कवितांच्या प्रती निःशंक काढून न्याव्यात. पालखीच्या भोयांची कविता, हैदराबादच्या संध्याकाळची, तिथल्या बाजाराची आणि बांगडीवाल्यांची, एवढ्या चार पुरतात. मोबाइलवर विसंबू नका. भर उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही.

पहिला दिवस: नामपल्ली आणि लाड बाजार

हैदराबाद डेक्कन स्टेशनला लोक अजून नामपल्लीच म्हणतात. तिथून आबिड्सकडे जाणाऱ्या स्टेशन रोडवर ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ आहे. आधी हे सरोजिनीबाईंच्या वडिलांचं, डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांचं घर. पहिल्या संग्रहाचं नाव घराला नंतर मिळालं. २ ऑक्टोबर १९७४ ला हैदराबाद विद्यापीठ सुरू झालं ते याच वास्तूत, गच्चीबावलीचा मोठा परिसर पुढे झाला. वास्तू अजूनही विद्यापीठाकडे आहे आणि तिथे तिकीटखिडकी नाही. आठवडाभर आधी विद्यापीठाकडे ईमेलनं विचारून ठेवावं, नाहीतर फाटकावरूनच परत फिरायची वेळ येते. परवानगी मिळाली नाही तरी बाहेरून घर, आवार आणि रस्त्याशी असलेलं त्याचं नातं पाहता येतं. दुकानांच्या गर्दीत घर पटकन सापडत नाही, म्हणून मेट्रोनं नामपल्लीला उतरून चालत जाणं बरं.

इथे अघोरनाथांविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण सरोजिनीबाईंचा स्वभाव या घरात घडला. बिक्रमपूरचे हे बंगाली गृहस्थ एडिंबराहून विज्ञानात डॉक्टरेट घेऊन निजामाच्या राज्यात आले आणि पुढे निजाम कॉलेज झालेल्या संस्थेचे पहिले प्राचार्य झाले. १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेवरून त्यांनी दरबाराविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि त्यांना हैदराबादेतून हद्दपार करण्यात आलं. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर. तेव्हा सरोजिनी चार वर्षांच्या होत्या. पुढे अघोरनाथांना परत बोलावलं गेलं, पण सरकारशी भांडून घर सोडावं लागतं हे मुलांनी लहानपणीच पाहिलं. धाकट्या भावांपैकी वीरेंद्रनाथ युरोपात क्रांतिकारक झाले, हरींद्रनाथ कवी आणि नट झाले. आई वरदासुंदरी देवी बंगालीत गाणी रचत.

इंग्रजी बोलायला नकार दिला म्हणून नऊ वर्षांच्या सरोजिनीला एकदा खोलीत कोंडलं होतं. बाहेर आली ती इंग्रजी बोलतच, आणि आईशी मात्र हिंदुस्तानीतच बोलत राहिली. बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिली. तेराव्या वर्षी सहा दिवसांत १३०० ओळींचं काव्य. १८९५ मध्ये निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, आधी किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचं गर्टन. तिथे इंग्रज समीक्षक एडमंड गॉस यांनी त्यांच्या सुरुवातीच्या कविता वाचून स्पष्ट सांगितलं की हे इंग्रजी वळणाचं अनुकरण सोडा आणि आपल्या भूमीतलं लिहा. ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ गॉस यांनाच अर्पण आहे. प्रस्तावना आर्थर सायमन्स यांची आणि आरंभीचं रेखाचित्र जे. बी. येट्स यांचं. १८९८ मध्ये परतल्यावर डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी लग्न झालं. बंगाली मुलगी, तेलुगू नवरा, जात वेगळी, लग्न १८७२ च्या कायद्याखाली मद्रासला. त्या काळात हे पाऊल राजकारणाइतकंच धीराचं होतं.

दुपारी विश्रांती घ्या आणि चारनंतर लाड बाजार गाठा. हा क्रम उलटा केलात तर फसाल. इथली दुकानं सकाळी उशिरा उघडतात, आणि दुसऱ्या दिवशीची मुंबईची गाडी दुपारची आहे.

चारमिनारच्या पश्चिमेकडून लाड बाजार सुरू होतो. लाखेच्या बांगड्या कशा होतात ते गल्लीच्या आतल्या बाजूला असलेल्या कारखान्यांत दिसतं. परवानगी मागून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. लाखेचा गोळा निखाऱ्यावर ऊन करून फळीवर लाटतात, त्याची पट्टी कापून लाकडी साच्याभोवती वळवतात आणि टोकं जोडतात. मग चिमट्यानं काचेचा एकेक खडा बसवायचा. सगळी कसोटी उष्णतेची. लाख जास्त तापली तर पट्टी ओघळते आणि खडा आत बुडतो. निवली तर खडा धरत नाही आणि चार दिवसांत गळून पडतो. म्हणून कारागीर दर काही खड्यांनंतर बांगडी पुन्हा शेकतो. घेताना ती उजेडाकडे धरून जोड पाहा आणि नखानं एक-दोन खडे हलवून बघा. बांगड्या उन्हात गाडीत ठेवू नका, लाख पुन्हा मऊ होते. २०२४ मध्ये या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

बांगडीवाल्यांच्या कवितेत सरोजिनीबाईंनी बाईच्या वयानुसार रंग वाटले आहेत: कुमारिकेसाठी एक रंग, नवरीसाठी दुसरा, संसारात मुरलेल्या बाईसाठी तिसरा. दुकानात उभं राहून वाचली की कळतं, ही काही हवेतली कल्पना नाही. विक्रेता आजही गिऱ्हाईक पाहून तसाच रंग पुढे करतो. बाजाराच्या कवितेतले पगड्या, आरसे, खंजीर विकणारे आता नाहीत, पण केशर-तांदूळ तोलणारे, अत्तरवाले आणि फुलांचे हार ओवणारे अजून सापडतात. तिच्या शेवटच्या कडव्यात फुलवाल्या एकाच टोपलीतून नवरदेवाचा मुंडावळीचा साज आणि प्रेतावरची चादर दोन्ही गुंफतात. भरजरी वर्णनांच्या ढिगात ही एक ओळ पुरेशी आहे, आणि सरोजिनीबाईंना निव्वळ गोड कवयित्री म्हणणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावी.

दुसरा दिवस: मुसीचा काठ आणि रेल्वे

सकाळी लवकर नया पुलावर जा. हैदराबादच्या संध्याकाळच्या कवितेत मुसी नदी शहराच्या दरवाजातून निघालेल्या हत्तीच्या सुळ्यासारखी वळलेली, पांढरी, चमकणारी आहे. ती कविता १९०५ पूर्वीची. २८ सप्टेंबर १९०८ ला याच नदीनं शहर बुडवलं आणि हजारो माणसं गेली. नदीच्या वळणाला कवितेत जे सौंदर्य आहे त्याच वळणांवर पाणी वस्तीत घुसलं. अफझलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातलं चिंचेचं झाड आजही दाखवतात. दीडशेच्या आसपास माणसं त्या झाडावर चढून वाचल्याचं सांगतात. नंतर विश्वेश्वरय्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले.

पूरग्रस्तांच्या मदतीचं काम सरोजिनीबाईंनी अंगावर घेतलं. त्यासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं आणि जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केलं. त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात शोधायची तर ती काँग्रेसच्या मंडपात सापडत नाही, ती या चिखलात आहे. आज मुसीचं पाणी काळं आणि दुर्गंधीचं आहे, त्यामुळे पुलावर फार वेळ थांबवत नाही. अर्धा तास पुरे.

हुसेनसागर एक्सप्रेस दुपारी हैदराबादहून निघते आणि पहाटे मुंबईला पोचते. वेळा बदलत असतात, आरक्षणाच्या वेळी पाहून घ्या. गाडीत भोयांची कविता मोठ्यानं वाचावी. मनातल्या मनात वाचली तर ती नुसती गोग्गोड वाटते. मोठ्यानं वाचताना तिचा झोका खांद्यावरच्या पालखीचा आहे हे कानाला कळतं.

तिसरा दिवस: मुंबई

मुंबईत सरोजिनीबाई पुष्कळदा ताजमहाल हॉटेलात उतरत. पण या प्रवासात ताजसमोर वेळ घालवायची गरज नाही. गिरगाव चौपाटी, गावदेवीचं मणिभवन आणि गवालिया टँक या तीन जागा एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत.

चौपाटीची तारीख ६ एप्रिल १९१९. रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाचा दिवस. सकाळी समुद्रस्नान, मिरवणूक, मग मुसलमान कार्यकर्ते गांधीजींना आणि सरोजिनीबाईंना मशिदीत घेऊन गेले आणि दोघांची तिथे भाषणं झाली. एका बाईनं मशिदीत उभं राहून राजकीय भाषण करावं आणि लोकांनी ते आग्रहानं करायला लावावं, ही १९१९ ची मुंबई! संध्याकाळी ‘हिंद स्वराज’ आणि ‘सर्वोदय’ ही बंदी घातलेली पुस्तकं विकायला दोघं वेगवेगळ्या मोटारींतून बाहेर पडले. किंमत चार आणे होती, पण लोक खिशातलं असेल ते देत, पाच-दहाच्या नोटा देत, एक प्रत तर पन्नास रुपयांना गेली. कायदा मोडण्याचं हे काम पुस्तकविक्रीच्या रूपात होतं, आणि सरोजिनीबाईंना ते फार जमण्यासारखं होतं. लोकांशी बोलायचं, हसवायचं आणि पैसे घ्यायचे.

मणिभवन हे गांधीजींचं १९१७ ते १९३४ मधलं मुंबईतलं ठाणं. सकाळी साडेनऊनंतर जा. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली आणि ग्रंथालय दोन्ही पाहा. गवालिया टँक म्हणजे आजचं ऑगस्ट क्रांती मैदान. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव तिथे झाला. त्यानंतरच्या अटकेचं सूत्र पुण्याला जुळतं, ते पुढे येईल.

संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणी पकडून नवसारीला मुक्कामाला जावं. सुरतेचे नेहमीचे प्रवासी या गाडीला गर्दी करतात, आरक्षण आधीच हवं. वाटेत वलसाड येईल, पण उतरू नका. दांडी आधी आणि धारासणा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

चौथा दिवस: दांडी आणि कराडी

नवसारीहून दांडी पंधरा-वीस किलोमीटर. रिक्षा मिळते, पण परतीची आधी ठरवून ठेवा.

राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक १५ एकरांवर आहे आणि ३० जानेवारी २०१९ ला ते खुलं झालं. मधे ४० मीटर उंचीचे दोन कलते खांब वर जाऊन जुळतात, त्यांच्याखाली गांधीजींचा ५ मीटर उंच पुतळा आहे. तो शिल्पकार सदाशिव साठे यांचा. बाजूला ८० पदयात्रींचे पूर्णाकृती पुतळे रांगेत चालताना दाखवले आहेत आणि यात्रेतले प्रसंग २४ भित्तिशिल्पांत आहेत. एका दालनात खारं पाणी तापवून चिमूटभर मीठ स्वतः काढून नेता येतं.

पुतळ्यांची रांग सावकाश बघा. त्यात साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे आहेत, विष्णू दिगंबरांचे शिष्य. रांगेत बाई एकही नाही. ही शिल्पकारांची चूक नाही. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेल्या ७८ जणांत आणि वाटेत सामील झालेल्या दोघांत बाई नव्हतीच. इंग्रज बायकांवर हात उचलणार नाहीत, म्हणून त्यांना पुढे करणं भ्याडपणाचं होईल, असं गांधीजींचं म्हणणं होतं. मार्गारेट कझिन्स, खुर्शेद नवरोजी यांना ते पटलं नाही. कमलादेवी चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनीबाईंच्या भावजय, यांनी गांधीजींना गाठून वाद घातला.

५ एप्रिलला यात्रा दांडीला पोचली तेव्हा सरोजिनीबाई तिथे होत्या. ६ तारखेला सकाळी गांधीजींनी मिठाचा खडा उचलला, तेव्हा कायदा मोडणाऱ्याचा जयजयकार त्यांनीच केला. आदली, म्हणजे ५ तारखेची रात्र गांधीजींनी ज्या घरात काढली ते सैफी व्हिला स्मारकाजवळच आहे, तेही बघून घ्या.

आता समुद्रावर चला, पण भरती-ओहोटीची वेळ पाहून. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असल्यानं इथे पाणी फार लांबवर मागे जातं आणि भराभर परत येतं. ओहोटीला दिसणारा चिखल वरून टणक वाटतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. किनाऱ्याच्या वाळूवरच राहा. नैसर्गिक मीठ कुठे दिसतं असं सगळे विचारतात. उधाणाचं पाणी वरच्या खळग्यांत साचतं, पुढचं उधाण येईपर्यंत उन्हानं आटतं आणि पांढरा थर राहतो. त्यासाठी कोरडा उन्हाळा लागतो, फेब्रुवारीत तो क्वचित दिसेल. १९३० मध्ये गांधीजी येण्यापूर्वी पोलिसांनी असे थर चिखलात कालवून टाकले होते, म्हणून त्यांनी उचललेल्या खड्यात मिठाइतकीच माती होती.

परतताना मटवाडच्या बाजूला कराडी लागतं. इथल्या ताडाच्या झावळ्यांच्या झोपडीत गांधीजी राहत होते. त्यांनी व्हाइसरॉयला लिहिलं की आता धारासण्याच्या मिठाच्या साठ्यावर जाणार. ते व्हायच्या आत, ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, १८२७ च्या रेग्युलेशनखाली त्यांना उचललं. खटला नाही, सुनावणी नाही. रेल्वेनं बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीनं येरवड्याला नेलं. कराडीला बरेच प्रवासी थांबत नाहीत, ते चुकीचं आहे. दांडीची कथा इथे धारासण्याकडे वळते.

पाचवा दिवस: धारासणा

या दिवसासाठी बाकीचा प्रवास आहे असं म्हटलं तरी चालेल. पहाटे निघा. नवसारीहून किंवा वलसाडहून गाडी ठरवून जाणं सोयीचं. रेल्वेनंच जायचं असेल तर डुंगरी हे जवळचं स्टेशन, पण तिथे जलद गाड्या थांबत नाहीत, मेमू किंवा पॅसेंजर बघावी लागते. अमेरिकन बातमीदार वेब मिलर मे १९३० मध्ये डुंगरीलाच उतरले आणि सहा मैल चालत गेले. आज डुंगरीहून रिक्षा मिळाली नाही तर तेवढंच चालणं पदरी येतं. पाणी माणशी तीन लिटर, टोपी आणि पट्ट्याच्या रबरी चपला किंवा बूट हवेत. पायाला जखम असेल तर मिठागरात उतरू नका, खाऱ्या पाण्यानं ती चरचरते आणि लवकर भरत नाही.

धारासण्याला स्मारक आहे, पण दांडीसारखी व्यवस्था इथे धरू नये. माहिती सांगणारं कुणी भेटेलच असं नाही, म्हणून पुढचा घटनाक्रम जागेवर वाचायला सोबत ठेवावा.

गांधीजींनंतर सूत्रं अब्बास तय्यबजींकडे आली. बडोद्याचे निवृत्त न्यायमूर्ती, वय ७६. १२ मेला ते निघाले आणि वाटेतच त्यांना पकडलं. मग सरोजिनीबाई. वय ५१, तब्येत मुळातच नाजूक. १५ मेच्या सुमारास त्या स्वयंसेवकांना घेऊन निघाल्या. पोलिसांनी रस्ता अडवला, अटक मात्र केली नाही. सरोजिनीबाईंनी तिथेच रस्त्यावर बैठक मारली. खुर्ची मागवली, पत्रं लिहिली. मे महिन्याचं ऊन, पाण्याची अडवणूक, आणि दोन्ही बाजू चोवीस तासांहून अधिक समोरासमोर. कोण आधी उठतं एवढाच प्रश्न होता. त्या उठल्या नाहीत, शेवटी पोलिसांनाच त्यांना ताब्यात घेऊन सोडून द्यावं लागलं.

२१ मेला पहाटे अडीच हजारांच्या आसपास स्वयंसेवक उंटडीच्या छावणीजवळ जमले. प्रार्थना झाली. सरोजिनीबाईंनी सांगितलं ते मोजकं आणि अवघड होतं: मार बसेल, प्रतिकार करायचा नाही, वार चुकवायला हातसुद्धा वर करायचा नाही. मग गांधीजींचे चिरंजीव मणिलाल पुढच्या तुकडीबरोबर निघाले.

मिठाचे ढीग खंदकांनी आणि काटेरी तारेनं वेढलेले होते. आत सुरतेचे ४०० शिपाई आणि सहा गोरे अधिकारी, हातात पोलादी टोकाच्या पाच फुटी लाठ्या. माणसं शांतपणे तारेपर्यंत जात, डोक्यावर वार बसत, पडत. मागची ओळ पुढे येई. पडलेल्यांना उचलायला पुरेसे स्ट्रेचर नव्हते, घोंगड्या वापरल्या. झावळ्यांच्या छपराखाली उभारलेल्या दवाखान्यात मिलर यांनी ३२० जखमी मोजले, दोघं मेले होते. सरोजिनीबाईंना अटक करायला आलेल्या अधिकाऱ्यानं दंडाला हात लावला, तो त्यांनी झटकला. येते, पण हात लावू नका, असं म्हणून त्या स्वतः चालत तारेच्या कुंपणात गेल्या. विठ्ठलभाई पटेल हे सगळं बघत होते. अकराच्या सुमारास सावलीतला पारा ११६ फॅरनहाइटवर, म्हणजे ४६ सेल्सिअसच्या वर गेला आणि त्या दिवसापुरतं ते थांबलं. मिलर यांच्या तारा आधी अडवल्या गेल्या, पण बातमी जगभर छापली गेली आणि अमेरिकेच्या सेनेटपर्यंत पोचली.

इथे उभं राहून एक हिशेब मनात करून बघा. अडीच हजार तरुण, डोळ्यांसमोर मित्रांची डोकी फुटत आहेत, पायाशी ढेकळं आहेत, आणि हात वर होत नाही. ही शिस्त भाषणातून आलेली नाही. आधीच्या आठवड्यात बाई स्वतः त्यांच्याबरोबर त्याच उन्हात रस्त्यावर बसल्या होत्या. नेत्यानं आधी सोसलेलं असल्याशिवाय असं सांगता येत नाही, सांगितलं तरी कुणी ऐकत नाही.

मिठागर चालू असेल तर मालकाच्या किंवा मुकादमाच्या परवानगीनं बांधावरून फिरावं. बांध मातीचे असतात. कडेवर पाय दिला तर ढासळतात आणि एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात शिरून आठवड्याची मेहनत वाया जाते. समुद्राचं पाणी घनतामापकावर ३ बोमे अंशांच्या आसपास असतं. ते एकामागून एक वाफ्यांत आटवत नेतात. २५ च्या सुमारास मीठ धरू लागतं. २९-३० च्या पुढे जाऊ दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, मीठ कडवट आणि ओलसर होतं, म्हणून उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यावं लागतं. एक लिटर समुद्रपाण्यात सगळे क्षार मिळून जेमतेम ३५ ग्रॅम. ऊन आणि माणसाची मेहनत एवढ्यावर तयार होणाऱ्या या वस्तूवर १९३० मध्ये मणामागे सव्वा रुपया कर होता आणि परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा होता. दांडीत कायदा चिमटीनं मोडला. धारासण्यात सरकारच्या ताब्यातल्या साठ्यावर लोकांनी हक्क सांगितला, म्हणून इथे सरकारनं लाठी काढली. त्याच महिन्यात आपल्याकडे शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही माणसं अशीच गेली.

जेवणाची सोय गावात होईलच असं नाही. हिवाळा सरत असेल तर डुंगरीजवळ हायवेवर उंबाडियूच्या गाड्या असतात. पापडी, कंद आणि रताळी रानपाल्यासह मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून भाजलेली असतात. दुपारी वलसाड गाठा. कल्याणमार्गे पुण्याला जाणाऱ्या थेट गाड्या मोजक्या आहेत, जमलं नाही तर मुंबईत गाडी बदलावी.

सहावा दिवस: पुणे

आधी आगाखान पॅलेस. मेट्रोचं कल्याणीनगर स्टेशन जवळ आहे. सकाळी ९ ला उघडतो, तेव्हाच जा, दहानंतर शाळांच्या सहली येतात. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हा बांधला. १९६९ मध्ये तो राष्ट्राला दिला गेला.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटकसत्र झालं. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनीबाई यांना चिंचवडला गाडीतून उतरवून इथे आणलं. सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. अंत्यसंस्कार आवारातच झाले. या बंदिवासात घर चालवण्याची जबाबदारी सरोजिनीबाईंनी घेतली: स्वयंपाक, आजाऱ्यांचं पथ्य, बागेतली फुलझाडं. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ गांधीजींचं एकवीस दिवसांचं उपोषण झालं तेव्हा त्या आतच होत्या. नंतर मलेरियानं खचल्यामुळे २१ मार्चला त्यांना सोडलं. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला इथेच वारल्या.

खोल्या बघताना लोक गांधीजींच्या खोलीपाशी रेंगाळतात आणि समाध्यांकडे जातात. ते योग्यच आहे. पण व्हरांड्यातून एक फेरी मारा आणि इथे रोज दोन वेळचं जेवण, औषधं, तुरुंगाधिकाऱ्यांशी बोलणी आणि दुःखात बुडालेली माणसं हे सगळं एकाच बाईनं कसं हाताळलं असेल, याचा विचार करा. इथे त्यांनी कविता लिहून नाव मिळवलेलं नाही. तरी त्यांची थट्टा-मस्करी नसती तर ते दिवस फार जड गेले असते, असं बरोबरीच्यांच्या आठवणींतून दिसतं.

येरवडा कारागृह जवळच आहे, पण आत जायला आधी परवानगी लागते. प्रवाशांसाठी प्रवेश त्या वेळी चालू आहे का ते कारागृह प्रशासनाला विचारावं. ओळखपत्र न्यावं, मोबाइल-कॅमेरा नेऊ देत नाहीत. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजी इथे उपोषणाला बसले, तेव्हा सरोजिनीबाई याच तुरुंगाच्या स्त्री विभागात होत्या. त्यांना गांधीजींजवळ थांबण्याची मुभा मिळाली. आंब्याच्या झाडाखाली खाट, भोवती डॉ. आंबेडकरांसह वाटाघाटीला येणारी माणसं, आणि कोण किती वेळ बसेल यावर सरोजिनीबाईंचा पहारा. २० तारखेला सुरू झालेलं उपोषण २६ ला सुटलं.

वेळ उरला तर डेक्कनवरच्या भारत सेवक समाजाकडे जा. गोखल्यांनी १२ जून १९०५ ला स्थापन केलेली ही संस्था. सरोजिनीबाईंना राजकारणात ओढणारे पहिले गोखलेच. गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट १९१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनला झाली, तोवर गोखल्यांशी त्यांचा स्नेह कितीतरी वर्षांचा होता.

लखनौ या मार्गात बसत नाही. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, राज्यपाल म्हणून सरोजिनीबाई १५ ऑगस्ट १९४७ पासून तिथल्या राज्यपाल निवासात राहिल्या आणि २ मार्च १९४९ ला तिथेच त्यांचं निधन झालं, अंत्यसंस्कार गोमतीच्या काठी झाले. ते निवासस्थान एरवी सहज पाहता येत नाही. फेब्रुवारीत तिथे फळं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा हिरवळीपर्यंत प्रवेश असतो. लखनौ जोडायचंच असेल तर त्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या तारखा आधी काढा आणि पुण्याहून पुढचं आरक्षण त्याप्रमाणे करा.